सत्तर पावलांची रेघ

रामटेके काका छत्रीने नेम धरायचे. लाकडी मुठीची, लांब दांड्याची काळी छत्री होती. सिंगापुरात घरात बंदूक ठेवायचा कुणी विचारसुद्धा करत नाही, तेव्हा छत्रीवर भागवण्यावाचून त्यांना इलाज नव्हता. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांची मुलगी मित्रा भेटली की अजून माझा हात हातात घेऊन "तू होतीस म्हणून" असं काहीतरी म्हणते आणि मी घाईघाईने विषय बदलते. का बदलते ते तिला कधी सांगितलेलं नाही.

वुडलँड्समधल्या आमच्या ब्लॉकचा अकरावा मजला म्हणजे एक लांबलचक कॉरिडॉर आहे. एका टोकाला लिफ्ट, तिच्या शेजारी मित्राचा फ्लॅट. दुसऱ्या टोकाला जिना. तिथे कॉरिडॉर काटकोनात वळतो आणि वळलं की पहिलं दार आमचं. ऑफिसातून आल्यावर लिफ्टपासून घरापर्यंत तो अख्खा कॉरिडॉर चालायचा, हातात भाजीची पिशवी, खांद्याला लॅपटॉप, आणि डोक्यात दिवसभराची भांडणं. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्याने "चालतंय" म्हटलेल्या गोष्टीवर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो, आणि घरच्यांच्या मते मी तो घरीही कमावत असते.

पहिल्यांदा काका दिसले ते असेच एका संध्याकाळी. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा एक सडपातळ, काळेसावळे, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ अनवाणी उभे होते आणि खांद्याला लावलेली छत्री खाली आणत होते. मी बाहेर पाऊल टाकेपर्यंत तिचं टोक जमिनीकडे गेलेलं होतं. ते बाजूला झाले, मान लववली. मी वळणापर्यंत जाऊन मागे पाहिलं तर ते तसेच उभे. मी दिसेनाशी झाल्याशिवाय छत्री पुन्हा वर गेली नाही. पुढे ओळख झाल्यावर मी त्यावरून त्यांना छेडलं, की काका, छत्रीतून काय उडणार आहे? ते हसले नाहीत. म्हणाले, "नळी माणसाकडं जात नाई बाई. छत्री असली तरी नाई."

काका चंद्रपूरकडच्या जंगलात वनपाल होते. हात असा बसलेला, की कुठे जनावर माणसांवर उठलं आणि वरून हुकूम निघाला, की यांना बोलावणं यायचं. बायको गेल्यावर मित्राने त्यांना इथे आणलं. ती बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत पेशींवर काम करते, सकाळी सातला जाते आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर येते. मधला दिवस काकांचा. त्यात त्यांचं काम एकच. ते अकरा मजले जिन्याने खाली उतरायचे, तसेच न थांबता चढून यायचे आणि छाती धपापत असतानाच दारापाशी येऊन छत्री खांद्याला लावायचे. समोर जिन्याजवळच्या भिंतीवर, मित्राच्या परवानगीने आणि कॉरिडॉरमधल्या बाकी कुणाच्याही परवानगीशिवाय, त्यांनी भाकरीएवढी कागदी थाळी चिकटवली होती. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरायचा, श्वास अर्धा सोडायचा, बोट दाबायचं. एकदाच. मग छत्री खाली. त्या दिवसाचं झालं.

एकच का, असं मी विचारलं होतं. त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मी ऑफिसात नव्या मुलांना अजून सांगते, अर्थात बिबट्या वगळून. त्यांचं म्हणणं असं, की जंगलात बंदुकीची नळी थंड असते, म्हणजे नेम तपासायला आधी एकही गोळी झाडलेली नसते, तुम्ही दमलेले असता आणि जनावर दुसरी संधी देत नाही. टेबलावर रायफल टेकवून दहा गोळ्या एका भोकात घालणारा माणूस चांगला, पण त्याचा शिकारीशी संबंध नाही. मोठ्या जनावराचं काळीज भाकरीएवढ्या जागेत असतं. धावून आल्यावर, उभ्याने, पहिलीच गोळी भाकरीत बसते ते शेवटचं अंतर कोणतं, हे ज्याचं त्याने शोधायचं. ती त्याची रेघ. काकांची रेघ उभ्याने सत्तर पावलं होती, बसून एकशे वीस. रेघेच्या पलीकडे वाघ असो की सिंह असो, बंदूक खाली ठेवायची आणि घरी जायचं. त्यांच्या दारापासून ती थाळी अडुसष्ट पावलांवर होती. मी मोजली आहेत.

मित्राने हौसेने एकदा त्यांना इथल्या एका नेमबाजीच्या क्लबात नेलं होतं. जाड जाकिटं घातलेली मुलं तासन्‌तास पुतळ्यासारखी उभी राहून कागदाला टाचणीएवढं भोक पाडत होती. काकांनी अर्धा तास कौतुकाने पाहिलं. मग तिथल्या प्रशिक्षकाला त्यांनी आपल्या कचेरी-इंग्रजीत विनंती केली, की यांच्यापैकी एकाला आधी जिना चढून यायला सांगा. प्रशिक्षक हसला. काका बाहेर येऊन मित्राला म्हणाले, की पोरं लय हुशार आहेत, पण कागद उलटून अंगावर येत नाई.

पोलिसांचं प्रकरणही झालंच. समोरच्या ब्लॉकमधून कुणीतरी पाहिलं आणि फोन केला. दोन तरुण पोलीस आले, अगदी नम्र. छत्री पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. इथला प्रत्येक मुलगा लष्करी शिक्षण घेतलेला असतो हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी त्यातल्या धाकट्याच्या हातात छत्री दिली आणि नेम धरून दाखव म्हणाले. त्याने धरला. काकांनी त्याचं कोपर दोन बोटांनी आत दाबलं. मग मिटलेल्या छत्रीच्या दांड्यावर एक डॉलरचं नाणं ठेवलं आणि नाणं न पाडता बोट दाब म्हणाले. नाणं तीनदा पडलं. चौथ्यांदा राहिलं, तेव्हा तो मुलगा असा खूश झाला की दुसऱ्याने त्याला दंडाला धरून लिफ्टमध्ये नेलं. जाता जाता तो इथल्या लोकांच्या लकबीत म्हणाला, "अंकल, नेक्स्ट टाइम इनसाइड द हाउस, ला." वळणावर कुंड्या ठेवणारी चिनी आंटी तेव्हापासून काकांना सार्जंट म्हणायची.

इथवर हे सगळं गमतीचं वाटेल. मलाही वाटायचं.

मित्राकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना असते. इथली आठ-दहा बौद्ध कुटुंबं जमतात, नंतर जेवण असतं. मी आपली वरणफळांच्या लोभाने जाते आणि दाराशी बसते. पंचशील म्हणताना सगळ्यांचा आवाज एक होतो. एका रविवारी मी काकांच्या शेजारी होते म्हणून लक्षात आलं. पहिलं शील, जीवहत्येपासून दूर राहण्याचं, सुरू झालं तेव्हा काकांचे ओठ मिटलेले होते. दुसऱ्या शीलाला ते सगळ्यांबरोबर म्हणू लागले. पुढच्या महिन्यात मी मुद्दाम पाहिलं. तेच. मित्राला विचारलं तर म्हणाली, मी लहान असल्यापासून असंच आहे, नोकरीच तसली होती ना, त्यांना वाटतं आपण ते म्हटलं तर खोटं होईल.

मला ते पटलं नाही. नोकरी सुटून वीस वर्षं झालेल्या माणसाने अजून का थांबावं? मी काकांनाच विचारलं. आम्ही कॉरिडॉरच्या कठड्याशी उभे होतो, दुपारचं रखरखीत ऊन होतं आणि खाली कालव्याच्या कडेला कुणी नव्हतं.  त्यांनी सांगितलं ते अगदी सपाट आवाजात, जबाब लिहून दिल्यासारखं.

एका गावात बिबट्याने माणूस मारला होता. हुकूम निघाला, काका गेले. बरोबर पेंदाम नावाचा म्हातारा माग काढणारा होता. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला नाल्याच्या पलीकडे बिबट्या दिसला. काका बांध धावत चढून आले होते. अंतर नव्वद पावलं. मागे अख्खं गाव उभं होतं आणि मारा मारा म्हणत होतं. बसून नेम धरायला वेळ नव्हता आणि उभ्याने त्यांची रेघ सत्तर होती, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी गोळी झाडली. पुढचा उजवा पंजा मोडला आणि जनावर झुडपात गेलं. पेंदाम म्हणाला, रक्त ओलं आहे तोवर जाऊ, मी खाली पाहतो, तुम्ही समोर पाहा. जखमी जनावराच्या मागे असंच जातात, एकाचे डोळे जमिनीवर आणि बंदूकवाल्याचे पुढे. काका म्हणाले, सकाळी जाऊ. पहाटे अवकाळी पाऊस झाला आणि सगळं धुऊन गेलं.

चार दिवसांनी खरा नरभक्षक दुसऱ्याच गावात पिंजऱ्यात सापडला. काकांनी मोडलेल्या बिबट्याने तोवर कुणाला बोटही लावलेलं नव्हतं. पण तीन पायांवर हरीण धरता येत नाही. दोन महिन्यांनी मोहफुलं वेचायला गेलेली सायत्राबाई त्याने नेली. नंतर आणखी एक म्हातारा. काका महिनोन्‌महिने हिंडले, ते जनावर त्यांना पुन्हा दिसलं नाही. दिसायचे ते ठसे. तीन गोल आणि चौथ्या पायाची ओढ. आधी जंगलात, मग बदली झाली त्या गावाच्या वेशीवर, मग निवृत्त झाल्यावर बांधलेल्या घराच्या अंगणात, विहिरीपाशी.

"ते माह्या हातचं आहे," काका म्हणाले. "मी मेलो तं ते मोकळंच राहील, लोकाईत. त्याले पाडल्याबिगर मी ते शील कसा म्हणू, सांग."

 म्हातारपणी माणूस एखादी गोष्ट धरून बसतो, असं मी मनात म्हटलं आणि कपडे वाळत घालायला गेले. पण त्यांना समुद्राचा आधार वाटला होता, हे मला त्या दिवशी कळलं. मध्ये एवढं पाणी आहे, म्हणून ते मुलीकडे यायला तयार झाले होते.

त्या डिसेंबरात मित्राने पुलाउ उबीन बेटावर जायचा बेत केला. तिकडे नेणाऱ्या लहानशा लाकडी बमबोटीत काका लहान मुलासारखे पाण्याकडे बघत होते. बेटावर मित्राने सायकल घेतली आणि पुढे गेली. मी आणि काका चिखलाच्या पायवाटेने चालत होतो. ऐन दुपार, दोन्ही बाजूंना रबराची जुनी झाडं, जुन्या कंपोंगमधलं, म्हणजे मलय खेड्यातलं, एक ओस पडलेलं लाकडी घर, आणि दिवसाढवळ्याही चालू असलेला रातकिड्यांचा कान किटवणारा आवाज. काकांनी चष्मा लावला, उकिडवे बसले आणि मला चिखलातलं वाचून दाखवायला लागले. हे रानडुक्कर, मादी, मागं पिल्लं. हे कुत्रं, नखं उमटली पाहा. मला मजा येत होती. तेवढ्यात रातकिडे थांबले. हळूहळू कमी झाले नाहीत, एकदम थांबले. काका चार पावलं पुढे होते. त्यांनी खाली पाहिलं आणि चपलेने चिखल पुसून टाकला.

पण मी पाहिलं होतं. नखं न उमटलेला गोल ठसा, पुढे आणखी एक, आणि बाजूने काहीतरी घासत नेल्यासारखी रेष. सायकलच्या स्टँडची असेल, असं मी स्वतःला ताबडतोब सांगितलं. काकांनी वाटेच्या टोकाकडे पाहत छत्री उचलली, क्षणभर धरली आणि खाली केली. "दोनशे," ते म्हणाले. "भायेर आहे."

परतताना धक्क्यावर मी नारळपाण्याचे पैसे देता देता सहज विचारल्यासारखं विचारलं, की काका, बिबट्या इतकी वर्षं जगतो का?

"नाई जगत," ते म्हणाले. "म्हणून तं भेव लागते."

त्यानंतर ते मला रोज आकडा सांगू लागले. लिफ्टपाशी भेटलो की हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा. कालव्यापलीकडच्या झाडाखाली, एकशे साठ. कार पार्कमध्ये, एकशे तीस. मी थट्टा करायची, की त्याने इथल्या कायमच्या वास्तव्याचा पीआर घेतला की काय, आम्हाला तर तीनदा नाकारला. पण आकडा कधी वाढत नव्हता. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, म्हाताऱ्यांचे बुद्धिबळाचे डाव चालतात, त्यांनी एके दिवशी टेबलं हलवून दुसऱ्या बाजूला नेली. कारण विचारलं तर तिथे वास येतो म्हणाले, ओल्या कुत्र्यासारखा. काकांचं जेवण कमी झालं. मित्राने डॉक्टर केले, झोपेच्या गोळ्या आणल्या. तिला वाटत होतं बाबांचं डोकं जातंय. मी तिला धीर द्यायची आणि स्वतः मात्र जिन्याने जाणं बंद केलं होतं. काकांचा जीव खरोखर तुटत होता. मरणाला ते भीत नव्हते, काम अर्धं टाकून मरायला भीत होते, आणि त्यांच्याकडे पाहून मला रडू यायचं.

शेवटची संध्याकाळ फेब्रुवारीतली. दुपारी धो धो पाऊस झाला होता आणि कॉरिडॉरची फरशी ओली होती. सात वाजले असतील, दिवे नुकतेच लागत होते. लिफ्टचं दार उघडलं. काका छत्री खांद्याला लावून उभे होते आणि मला पाहून त्यांनी ती खाली केली नाही.

"बाई, हलू नको," ते छत्रीवरचा गाल न उचलता म्हणाले. "रेघेच्या अंदर आहे."

समोर मला थाळी दिसत होती, भिंत दिसत होती, बाकी काही नाही. त्यांनी श्वास अर्धा सोडला. बोट इतकं हळू गेलं की दाबल्याचं कळलंही नाही. आवाज कशाचा होणार? पण वळणावरची आंटीची एक कुंडी कलंडली आणि माती फरशीवर सांडली. वारा असेल. वारा नव्हता.

काका तसेच उभे राहिले, मनात काहीतरी मोजत. मग छत्री छातीशी आडवी धरून म्हणाले, "चाल. त्या वक्ती पेंदाम म्हणत होता, मी गेलो नाई. तू खाली पाह्य, मी समोर पाह्यतो. मले जवळचं दिसत नाई."

नाही म्हणता आलं असतं. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या पुढे अर्धं पाऊल चालू लागले. त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर होता. फरशी नुसती ओली होती, स्वच्छ. पन्नास पावलं काही नाही. साठ. वळणावर सांडलेल्या मातीत पहिला ठसा होता. मांजराचा म्हणावा तर माझ्या तळहाताएवढा. पुढे दुसरा, तिसरा, मातीने काळे झालेले, आणि बाजूने एक ओढ. ते जिन्याकडे गेले नव्हते. ते वळून पुढे, सरळ आमच्या दाराकडे गेले होते.

"दिसते का काई?" काकांनी विचारलं. ते माझ्या डोक्यावरून पुढे पाहत होते, डोळे पाण्याने भरलेले. त्यांना जे दिसत नव्हतं ते मला दिसत होतं.

आयुष्यात न चालणारी गोष्ट चालते असं मी कधी लिहून दिलेलं नाही. त्यासाठी भांडले आहे, माणसं तोडली आहेत. पण खांद्यावरचा तो हात मला सहन होईना.

"इथंच संपलंय, काका," मी म्हणाले.

"पडलं?"

"पडलं."

"मोकळं तं नाई ना राह्यलं?"

"नाही."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं ते खाली बसतील. बसले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला, वळले आणि आपल्या दाराकडे निघाले. चालताना ते पुटपुटत होते. मी आधी नीट ऐकलं नाही, मग शब्द ओळखीचे वाटले. पहिलं शील होतं. शाळेत पहिल्यांदा उभं राहिलेल्या मुलासारखं अडखळत, तुटक, पण पूर्ण. दारापाशी त्यांनी इतर लोक ठेवतात तशी छत्री भिंतीला टेकवून ठेवली आणि मागे न पाहता आत गेले. तेव्हाच मला ते शेवटचे दिसले. पहाटे झोपेत गेले. मित्रा म्हणाली, चेहरा इतका शांत तिने कधी पाहिला नव्हता.

मी वळणावर उभीच होते. ठसे आमच्या दाराशी जाऊन संपले होते आणि परत फिरलेले नव्हते. दार बंद होतं, कुलूपही जागच्या जागी होतं. मी किल्ली काढली. आमच्या फ्लॅटला दुसरं दार नाही.